मुक्या शंखाचे शिखर

२००२ च्या श्रावणात दौंड तालुक्यातील राहू येथे वनखात्याने एका शेतकऱ्याच्या देव्हाऱ्यातला शंख जप्त केला. जप्तीच्या वेळी घरात शेतकरी, त्यांची पत्नी आणि दोन पंच होते. विरोध झाला नाही. आधी चहा झाला, मग पंचनामा झाला.

मी तेव्हा शिरूरला एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. राहू माझ्या तालुक्यात येत नाही. पण शंख ओळखणारे प्राध्यापक शिरूरचे असल्यामुळे बातमी माझ्या वाट्याला आली आणि पुढचे बहुतेक मी समोर बसून पाहिले. जे पाहिले नाही ते किमान दोघांनी सांगितल्याशिवाय इथे घेतलेले नाही.

त्या शेतकऱ्याला सारे गाव आप्पा म्हणत असे. घराणे पूर्वी मेंढपाळांचे. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून, मेंढरे पुढे घालून हे लोक घाट उतरून कोकणात जात आणि उन्हाळ्यात परत येत. पुढे नदीवरून पाईपलाइन आली, ऊस आला, मेंढरे विकली गेली. चार मेंढ्या आणि दोन शेळ्या तेवढ्या सवय म्हणून राहिल्या. कोकणातून आणलेल्या वस्तूंपैकी घरात एकच उरली होती, ती म्हणजे हा शंख.

तो कसा आला, हे आप्पांनी मला सांगितले. कोकणात भातखाचरात रात्री मेंढरे बसवतात. लेंड्यांचे खत शेतकऱ्याला, बदल्यात भात मेंढक्याला. असा रिवाज.

"एका कोळ्याच्या खाचरात दोन राती मेंढरं बसवली," आप्पा म्हणाले. "भात द्यायचं ठरल्यालं. सकाळी बघतो तर कणगीत भात न्हाई. मग त्यानं ह्यो काढून दिला. म्हनला, ट्रॉलरच्या जाळ्यात घावलाय, खोल दर्यातला हाय, देवात ठिवा, भरभराट हुईल."

"झाली का?"

"मेंढरं गेली आन् ऊस आला. आता त्याला काय म्हनायचं ते तुमीच छापा."

घरी आणल्यावर आप्पांच्या भावाने तो फुंकून पाहिला. मग दुसऱ्या भावाने. मग तालमीतल्या एकाने. आवाज आला नाही. येणारही नव्हता, कारण या शंखाचे तोंड म्हणजे एका बाजूने वरून खालपर्यंत गेलेली उभी, अरुंद चीर असते. त्यात नाणे उभे सरकेल, वारा घुमणार नाही. त्या दिवसापासून शंखाचे नाव मुका पडले. तरीही तो देव्हाऱ्यात राहिला. खंडोबाच्या टाकाशेजारी त्याची जागा ठरली आणि देवाबरोबर त्यालाही रोज भंडारा लागू लागला.

शिरूरच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आखाडात आप्पांच्या घरी मटण खायला गेले. आप्पांची मुलगी त्यांची विद्यार्थिनी होती. ताट वाढलेले असताना त्यांची नजर देव्हाऱ्याकडे गेली आणि हात ताटातच थांबला.

"हा कुठून आणलात?"

"सर, आधी रस्सा घ्या, निवंल," आप्पांची पत्नी म्हणाली. तिला सगळे आक्का म्हणत.

प्राध्यापक जेवता जेवताच उठून देव्हाऱ्यासमोर उकिडवे बसले. उजवा हात खरकटा असल्याने त्यांनी शंखाला स्पर्श केला नाही. लांबूनच त्यांनी जे सांगितले ते असे. हा कोन जातीच्या समुद्री गोगलगायीचा शंख. आकार शंकूचा, म्हणजे भेळेच्या कागदी पुडीसारखा. अंगावर तांबूस तपकिरी रेघांची जाळी, जाळीत पांढरे त्रिकोण. आणि रुंद बाजूला उंच शिखर, एकावर एक चढत गेलेल्या वेढ्यांचे.

"जेजुरीच्या पायऱ्यांसारखं," प्राध्यापक म्हणाले. "पायरी स्पष्ट दिसतेय बघा. आणि ही वरची पिवळसर साल! जिवंतपणी शंखावर पातळ साल असते, ती सहसा टिकत नाही. इथं टिकलीय. कमाल आहे."

"भंडारा हाय त्यो," आक्का म्हणाल्या.

प्राध्यापकांनी साल वगळली, पण बाकीच्या म्हणण्यावर ते ठाम राहिले. ही जात खोल पाण्यात, उजेड विरळ होतो तिथल्या वाळूत राहते. किनाऱ्यावर वाहून येत नाही. मिळाली तर ट्रॉलरच्या जाळ्यातच मिळते. पूर्वी एकेका शंखासाठी साहेब लोक जहाजाने येत. इंग्रजीत हिला 'ग्लोरी ऑफ इंडिया' म्हणतात.

"म्हंजी?"

"भारताचं वैभव."

"म्हंजी सरकारीच झाला की," आप्पा म्हणाले. हे ते गमतीने म्हणाले होते.

मग प्राध्यापकांनी आतल्या प्राण्याची माहिती दिली. त्याला एक सपाट पाय असतो. त्यावर तो वाळूतून सरकतो. पुढे एक नळी असते, तिने पाणी आत घेतो आणि सावजाचा वास काढतो. सावज टप्प्यात आले की सोंड लांबवतो. सोंडेच्या टोकाला पोकळ दात, आकड्यासारखा. दातामागे विषाची पिशवी. दात सावजात घुसतो, विष आत जाते, सावज जागीच थंड होते. एक दात एकदाच वापरायचा. पुढच्या वेळी आतल्या भात्यातून नवा दात पुढे येतो.

आप्पांनी सगळे लक्ष देऊन ऐकले. "गोगलगाय आन् पोटात पाय, हे ऐकलं हुतं. तोंडात भाला आज ऐकला."

"चावती व्हय?" आक्कांनी विचारले.

"जिवंत असती तर. हा नुसता शंख आहे. प्राणी केव्हाच गेला."

"न्हाई म्हंजी, म्या रोज आंघोळ घालती."

या जेवणाची हकिगत प्राध्यापकांनी मला शिरूरच्या एसटी स्टँडवर सांगितली. मी त्यांच्याबरोबर राहूला गेलो, फोटो काढला आणि बातमी दिली. फोटोत आप्पांनी शंख शिखराकडून घट्ट मुठीत धरला आहे. बातमीत शंखाचे वर्णन होते, कोकणच्या प्रवासाची हकिगत होती आणि प्राध्यापकांच्या सांगण्यावरून शेवटचे एक वाक्य होते. या गोगलगायींच्या विषापासून औषध तयार करण्याचे संशोधन परदेशात सुरू आहे, असे ते वाक्य. ते खरे होते.

बातमी दोन ठिकाणी वाचली गेली. एक वनखात्यात.

आदल्याच वर्षी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काही समुद्री शंख-शिंपल्यांची भर पडली होती आणि त्यांत या जातीचे नाव होते. म्हणजे कायद्यापुढे वाघ, बिबट्या आणि आप्पांचा मुका एका रांगेत उभे होते. राहूला आलेल्या वनपालांची आधीची काही वर्षे शिरूर भागात बिबट्यांसाठी पिंजरे लावण्यात गेली होती. गोगलगायीची जप्ती ते पहिल्यांदाच करत होते.

"आप्पा, हा मुद्देमाल आहे," वनपाल म्हणाले.

"मुद्देमाल कसला, देव हाय त्यो."

"देव असला तरी पहिल्या अनुसूचीत आहे."

"आन् मला काय हुईल?"

वनपालांनी खरे ते सांगितले. पुण्याहून तज्ज्ञ येतील. शंख त्याच जातीचा निघाला तर तो सरकारजमा होईल, परत मिळणार नाही. वर गुन्हा दाखल होईल, बिबट्याचे कातडे बाळगणाऱ्यावर होतो तसाच.

आप्पा देव्हाऱ्यापुढे जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "गुन्ह्याचं बघू. पर ह्यो न्हेऊ नका. घोडं गेलं, मेंढरं गेली, वाडा-तळ समदं गेलं. आमी कोकनात जात हुतो ह्याला एवढाच साक्षीदार ऱ्हायलाय."

श्रावणात देव मोटारसायकलवर घालून नेणे वनपालांनाही बरे दिसेना. तज्ज्ञ येईपर्यंत शंख आप्पांच्याच ताब्यात राहील, असा कागद झाला. पिशवी उघडायची नाही. सील मोडायचे नाही. शंख घराबाहेर न्यायचा नाही. उगाळायचा नाही, असे कागदात नव्हते, कारण तो विषय कोणाच्या डोक्यातच नव्हता.

सील करताना अडचण आली. वनपालांच्या बॅगेतल्या कापडी पिशव्या बिबट्याची नखे ठेवण्याच्या मापाच्या होत्या. त्यातल्या त्यात मोठीत शंख निमुळत्या बाजूने घातला. खांद्यापर्यंत, म्हणजे जिथे शंख सगळ्यात रुंद असतो तिथपर्यंत तो कसाबसा आत गेला. त्यावर दोरी आवळून गाठ मारली, गाठीवर लाख ओतली, शिक्का मारला. शिखर गाठीतून वर राहिले.

"टोक भाईर ऱ्हातंय," एक पंच म्हणाला.

"राहू द्या. खांद्यामुळं शंख सुटत नाही, हे महत्त्वाचं," वनपाल म्हणाले.

बातमी वाचली गेलेले दुसरे ठिकाण म्हणजे आजूबाजूची गावे. तिथे शेवटचे वाक्य वाचले गेले.

पावसाळ्यात गुराढोरांच्या डोळ्यांत फूल पडते. म्हणजे डोळा पाणावतो आणि बुबुळावर पांढरा डाग येतो. जुने लोक त्यावर शंख सहाणेवर पाण्यात उगाळून ते पाणी डोळ्यांत घालत. आक्काही वर्षातून एखाद्या मेंढीसाठी मुक्याच्या शिखराचे टोक सहाणेवर दोनदा फिरवत. ही गोष्ट घराबाहेर कोणाला माहीत नव्हती. आता पेपरात आले होते की त्यात औषध आहे आणि परदेशी लोक त्याच्या मागे आहेत.

पहिली शेळी शेजारच्या वस्तीवरून आली. आप्पांनी ती दारातच अडवली.

"डाक्टरकडं न्हे. सील लागलंय त्याला. मला आत घालतील."

आक्का सहाण घेऊन बाहेर आल्या. "जनावराच्या औशदाला न्हाई म्हनायचं न्हाई आन् पैका घ्यायचा न्हाई. तुमच्या आईनंच शिकवलंय मला."

"अगं, सरकारी कागुद झालाय!"

"कागदात काय हाय? पिशवी उघडू नका. उघडली न्हाई. सील मोडू नका. मोडलं न्हाई. टोक भाईर हाय, ते काय म्या काढलं?"

शेळीच्या डोळ्यांत पाणी घातले गेले. आप्पा तेवढा वेळ गोठ्यात पाठ करून बसून होते. त्यानंतरचे आठ-दहा दिवस ते दारात बसून आलेल्यांना परत पाठवत. राहूतल्या एका बागायतदाराचा बैल त्यांनी परत पाठवला, तेव्हा बागायतदार म्हणाला, "देव बी आता जामिनावर हाय का, आप्पा?" आप्पांनी फाटक लावून घेतले. ते जेवत कमी होते, असे आक्कांनी नंतर सांगितले.

एका रविवारी प्राध्यापक आप्पांना धीर द्यायला राहूला गेले. मी बरोबर होतो. आपल्या तोंडून निघालेल्या माहितीने एका यजमानावर संकट आले, याचे प्राध्यापकांना वाईट वाटत होते.

"घाबरू नका. तज्ज्ञ काही डोळे मिटून लिहीत नाहीत," ते म्हणाले. "अशीच जाळी दुसऱ्या एका साध्या जातीवर असते. ती कोकणात बाजारात मांडून विकतात, तिला कायदा नाही. फरक शिखरात आहे. उंच, पायऱ्यांचं शिखर असेल तर दुर्मीळ. सगळी ओळख शिखरावर ठरणार."

"आन् शिखर नसलं तर?" आप्पांनी विचारले.

"नसतं तर ब्रह्मदेवालाही छातीठोक सांगता आलं नसतं. पण इथं आहे ना."

"पुन्यांदा सांगा."

प्राध्यापकांनी पुन्हा सांगितले. आप्पांनी आक्कांना चहा टाकायला लावला, जरी आमचा एक चहा झाला होता. मग त्यांनी बागायतदाराच्या बैलाचा डोळा आता कसा आहे, याची चौकशी केली. बैलाविषयी आम्हा दोघांनाही काही माहिती नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा फाटकाशी उभे राहू लागले. हे मला तिघांनी सांगितले.

"आन की शेरडू! लाजतो कशापायी?" ते रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारत. "जनावराच्या औशदाला न्हाई म्हनू नये."

"त्याच्या डोळ्याला कायबी झालं न्हाई, आप्पा."

"हुयाच्या आधी घातल्यालं बरं."

बागायतदाराचा बैल परत आला. त्याच्या पाठोपाठ कोरेगाव भीमाहून टेम्पोतून एक बैल आला. पाबळकडून कोणी तरी गाय आणली. ती गाय राहूपर्यंत चालत आली की वाहनातून, याबद्दल दोन मते आहेत. आक्कांचे हात दुखू लागले तेव्हा आप्पा स्वतः सहाणेवर बसले. आक्कांच्या म्हणण्यानुसार त्यांची उगाळण्याची पद्धत चुकीची होती.

"दोन वेढं घालायचं आन् उचलायचं. हे बसलं की चंदन उगाळल्यागत! एका शेळीला वाटीभर पानी कशाला?"

"कमी नगं पडायला," आप्पा म्हणत.

कोणत्या जनावराचा डोळा शंखाने बरा झाला, हे सांगता येत नाही. सरकारी दवाखान्यातले थेंबही त्याच दिवसांत चालू होते. डोळ्याला काहीच झाले नव्हते अशी जनावरे मात्र सगळी बरी होती.

शिखराविषयीच्या प्राध्यापकांच्या त्या वाक्याचा अर्थ आप्पांनी कसा घेतला, हे मी त्यांना एकदा सरळ विचारले होते. ते म्हणाले, "सरांचं इंग्रजी मला कळत न्हाई." प्राध्यापक मराठीत बोलले होते.

गणपती बसल्यानंतर पुण्याहून शंख-शिंपल्यांच्या तज्ज्ञ बाई आल्या. त्यांच्याबरोबर वनपाल, प्राध्यापक आणि मी. ओसरीवर सतरंजी टाकली होती. आप्पांनी देव्हाऱ्यातून पिशवी आणून बाईंसमोर दोन्ही हातांनी ठेवली आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

बाईंनी पिशवी फिरवून पाहिली. गाठीच्या वर काही नव्हते. गाठीच्या मधोमध रुपयाएवढी, काचेसारखी गुळगुळीत पांढरी चकती होती आणि तिच्यात आतल्या वेढ्याची एक गोल रेघ दिसत होती.

"शिखर कुठे आहे?"

"सील शाबूत आहे, मॅडम," वनपाल म्हणाले.

"सील दिसतंय मला. शिखर विचारतेय."

"पंचनाम्यात शंख, एक नग, असं आहे. नग एकच आहे."

"जनावरांच्या डोळ्यात गेलं, बाई," आक्का म्हणाल्या.

"कुठल्या जनावरांच्या?"

"ते कसं सांगू? लई आली."

बाईंनी वनपालांकडे पाहिले. वनपालांनी कागद काढला, पुन्हा वाचला आणि त्याची पुन्हा घडी केली. त्यात उगाळण्याविषयी काही नसल्याचे त्यांनी सांगितले.

दोरी कापून शंख बाहेर काढला. बाईंनी कोमट पाणी मागवून भंडारा धुतला, भिंग लावले, तोंडाच्या चिरेत वाकून पाहिले, जाळीचे त्रिकोण पाहिले. मग त्या प्राध्यापकांकडे वळल्या.

"तुम्ही शिखर पाहिलं होतं?"

"स्पष्ट. जेजुरीच्या पायऱ्यांसारखं."

"मोजलंत?"

"नाही. जेवण चाललं होतं. हात खरकटा होता."

"फोटो?"

मी कात्रण पुढे केले. बाईंनी ते भिंगाखाली धरले. शिखराच्या जागी आप्पांची मूठ होती.

"सडपातळ आहे. त्यामुळे तो दुर्मीळ असू शकेल," बाई शेवटी म्हणाल्या. "पण एकूण लांबी आणि शिखर यांचं प्रमाण लावल्याशिवाय मी सही करणार नाही. नसूही शकेल."

"म्हंजी ह्यो त्यो हाय का न्हाई?" आप्पांनी विचारले.

"खात्रीनं सांगता येत नाही."

आप्पांनी वनपालांकडे पाहिले.

"म्हणजे नाही," वनपाल म्हणाले.

आप्पा तिथेच खाली बसले. आक्कांनी त्यांना पाणी दिले. विषारी गोगलगायीचा शंख एवढा उगाळूनही जनावरे कशी सुखरूप आहेत, असे बाईंनी हसत विचारले. त्यावर आप्पा म्हणाले, "इख गेलं बाई कवाच. गुन तेवढा ऱ्हायला हुता, त्यो वाटला."

बाईंच्या अहवालाची प्रत मी वनखात्यात पाहिली. शंख कोन कुळातील आहे, शिखर नसल्याने जात निश्चित करता येत नाही, एवढेच त्यात होते. गुन्हा दाखल झाला नाही. प्राध्यापकांनी अहवालाला लेखी असहमती कळवली. तिला उत्तर आले नाही.

नवरात्राच्या आधी वनपाल राहूला गेले आणि शंख परत दिल्याच्या कागदावर त्यांनी आप्पांची सही घेतली. आप्पांनी शंख धुतला, त्याला भंडारा लावला आणि देव्हाऱ्यात नेला. पूर्वी तो तांदळावर आडवा ठेवावा लागत असे. या वेळी आप्पांनी तो घासलेल्या बाजूवर ठेवला आणि हात काढून घेतला. शंख उभा राहिला.